‘वहिनींना उभे करा’ : सत्तेतील स्त्री आणि स्त्रियांची समता

सुरंगी (डिचोली) :

नमस्कार. मी डिचोली तालुक्यातील एका गावात राहते आणि गेली १६ वर्षे उच्च माध्यमिक विद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. जो प्रश्न मी वर्गात अनेकदा फळ्यावर लिहिला, तोच आता माझ्या दारात आला आहे, म्हणून इथे मांडते.

गेल्या महिन्यात गावातील चार जाणती माणसे आमच्याकडे आली होती. पुढच्या पंचायत निवडणुकीत आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव होईल असा त्यांचा कयास आहे आणि तसे झाले तर मी उभे राहावे अशी त्यांची इच्छा आहे. मी त्या वेळी घरातच होते, आतल्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत होते. ती मंडळी मात्र पडवीत माझ्या यजमानांशी पाऊण तास बोलली आणि “वहिनींना उभे करा, बाकीचे आम्ही पाहून घेतो” असे सांगून गेली. ही माणसे वाईट नाहीत. अडीअडचणीला धावून येणारी आहेत. पण उमेदवारी माझी आणि विचारणा दुसऱ्याकडे, हे मला रात्रभर टोचत राहिले.

माझा प्रश्न मात्र एका वॉर्डापुरता नाही. शशिकलाताई काकोडकर ऑगस्ट १९७३ मध्ये गोव्याच्या मुख्यमंत्री झाल्या आणि एप्रिल १९७९ पर्यंत त्या पदावर राहिल्या. सुचेता कृपलानी आणि नंदिनी सत्पथी यांच्यानंतर देशातील त्या तिसऱ्या महिला मुख्यमंत्री. महाराष्ट्रात जे अजून घडलेले नाही ते गोव्यात घटकराज्य होण्याच्याही आधी घडले. त्यानंतर मात्र आपल्याकडे दुसरी महिला मुख्यमंत्री झाली नाही. २०२२ साली विधानसभेच्या ४० जागांपैकी ३ जागांवर स्त्रिया निवडून आल्या, ताळगाव, पर्ये आणि शिवोली येथून. आणि त्या तिघींचे पती त्याच निवडणुकीत पणजी, वाळपई आणि कळंगुट येथून निवडून आले. मतदारयादीत स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक आहेत, आणि तरीही हे चित्र आहे. त्या तिघींना मते लोकांनी दिली आहेत आणि त्यांच्या कर्तृत्वाविषयी मला काही उणे बोलायचे नाही. मला एवढेच दिसते की विधानसभेचे दार स्त्रीसाठी उघडते ते बहुधा घरातल्या पुरुषाच्या हातून.

माझ्या सासूबाई ताईंच्या काळाविषयी बोलू लागल्या की त्यांचा स्वर बदलतो. “ताय आशिल्ली म्हूण घर उरलें,” असे त्या सांगतात, म्हणजे ताई होत्या म्हणून घर राहिले. आमचे कुटुंब मुंडकारांचे, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांचे. भाटकाराने, म्हणजे जमीनमालकाने, कधीही ऊठ म्हणावे आणि आपण उठावे, या भीतीत त्यांनी लग्नानंतरची पहिली वर्षे काढली. १९७५ च्या मुंडकार कायद्याने ती भीती गेली. पण त्या घराचे कागद झाले ते सासऱ्यांच्या नावावर. सासूबाईंचे नाव त्या कागदांवर येण्यासाठी सासऱ्यांच्या पश्चात इन्व्हेंटरीची, म्हणजे वारसांत मिळकत वाटण्याची, कार्यवाही व्हावी लागली. एका स्त्रीच्या राजवटीत एका स्त्रीला घर मिळाले आणि कागदावर ती नव्हती. याला समतेच्या दिशेने पडलेले पाऊल म्हणावे की नाही, हे मला ठरवता येत नाही.

तेव्हा विचारायचे ते असे. उच्च पदावर स्त्री बसल्याने इतर स्त्रियांच्या हक्कांत, मिळकतीत आणि घरात त्यांच्या शब्दाला असलेल्या वजनात फरक पडतो का, आणि पडत असेल तर कोणत्या परिस्थितीत पडतो?


मांडवीकाठी (पणजी) :

सुरंगीताई, ज्या काळाविषयी आपल्या सासूबाई बोलतात त्या काळात मी पणजीत सरकारी कचेरीत कारकून होतो, म्हणून त्यांचे म्हणणे मला आतून समजते. ताई मुख्यमंत्री झाल्या तेव्हा कचेरीत एकच वाक्य ऐकू येई, “भाऊसाहेबांची लेक.” गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर १२ ऑगस्ट १९७३ रोजी गेले आणि त्यांच्या जागी ताई आल्या, त्यामुळे त्यात असत्य काही नव्हते. परंतु त्याआधीच त्या आमदार होत्या आणि वडिलांच्या मंत्रिमंडळात काम करत होत्या, ही गोष्ट मात्र कोणी बोलून दाखवत नसे. मुलगा गादीवर बसला असता तर “अनुभवी” म्हटले गेले असते. मुलगी बसली म्हणून “लेक” म्हटले गेले.

त्यांच्या सरकारने केलेली दोन कामे गोव्याच्या सामाजिक इतिहासात मोठी आहेत. एक आपण सांगितलेला मुंडकार कायदा आणि दुसरे १९७६ ची कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती, जिने कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. या कायद्यांत स्त्री हा शब्द ठळकपणे कुठे येत नाही; ते भाटकार आणि मुंडकार, जमीनदार आणि कूळ यांच्यातील अंतर कमी करण्यासाठी झाले. तरीही बेघर होण्याची भीती घरात सगळ्यांत जास्त कोणाला असते, याचा विचार करावा. पुरुष बार्जवर किंवा खाणीवर निघून जाई. भाटकाराच्या माणसाला दारात तोंड देणारी बाईच असे. म्हणून मी असे म्हणेन की ताईंच्या राजवटीने गरीब स्त्रीचे आयुष्य सुरक्षित केले, पण तिच्या घरातील पुरुषाच्या तुलनेत तिचे स्थान होते तिथेच राहिले. या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या मोजायला हव्यात, कारण बहुतेक वाद त्या एकत्र केल्यामुळेच होतात.

दुसरी बाब अशी की एकटी स्त्री शिखरावर पोहोचल्याने तिच्यामागे वाट तयार होतेच असे नाही. १९८० साली मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्षाच्या संयोगिता राणे पणजी मतदारसंघातून लोकसभेवर गेल्या; त्यानंतर गोव्यातून एकही स्त्री लोकसभेवर निवडून गेलेली नाही. २०२४ साली दक्षिण गोव्यातून पल्लवी धेंपे लढल्या आणि पराभूत झाल्या. म्हणजे ज्या प्रदेशाने १९७० च्या दशकात महिला मुख्यमंत्री दिली, तिथे पुढच्या पिढ्यांत स्त्रियांची दुसरी फळी उभीच राहिली नाही.

बाहेरही असेच दिसते. मार्गारेट थॅचर ११ वर्षे ब्रिटनच्या पंतप्रधान होत्या आणि तेवढ्या काळात त्यांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याखेरीज एकच स्त्री आली, तीही सुमारे दोन वर्षांसाठी. याउलट नॉर्वेत ग्रो हार्लेम ब्रुंटलांड यांनी १९८६ साली सरकार बनवले तेव्हा १८ मंत्र्यांपैकी ८ स्त्रिया होत्या, आणि त्यामागे तिथल्या पक्षांत स्त्रियांनी वर्षानुवर्षे केलेली मागणी होती. दोघीही स्त्रियाच. पण एक ज्या पक्षातून आली त्यात स्त्रियांची संघटित ताकद कमी होती आणि दुसरीच्या पक्षात ती भरपूर होती.

आपल्याकडील इंदिरा गांधींचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. त्यांच्या सरकारने १९७१ साली स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमली, तिचा अहवाल १९७४ च्या अखेरीस आला आणि त्यातून स्वतंत्र भारतातील स्त्रीच्या अवस्थेचे विदारक चित्र देशापुढे उभे राहिले. समान वेतनाचा कायदा १९७६ चा. पण बलात्काराच्या कायद्यात १९८३ साली जो बदल झाला तो पंतप्रधान स्त्री होती म्हणून आपोआप झालेला नाही. मथुरा या आदिवासी मुलीवरील पोलीस ठाण्यातील बलात्काराच्या प्रकरणात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले, त्यावर कायद्याच्या चार प्राध्यापकांनी खुले पत्र लिहिले, आणि मुंबई-दिल्लीपासून लहान शहरांपर्यंत स्त्रिया रस्त्यावर आल्या. तेव्हा कायदा हलला. शिखरावरच्या स्त्रीला खालून हाक ऐकू आली पाहिजे आणि ती हाक देणाऱ्या स्त्रिया तिथे असल्या पाहिजेत, असे मला या सगळ्यावरून वाटते.


वळेसार (फोंडा) :

मांडवीकाठी यांचे विवेचन मला पटते, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष आपण स्पष्ट बोलत नाही असे वाटते. खुर्चीवर कोण बसले आहे यापेक्षा धोरण काय आहे हे महत्त्वाचे. गोव्यात मुलीला वडिलांच्या मिळकतीत मुलाएवढा वाटा आणि पत्नीला संसाराच्या मिळकतीत अर्धा हिस्सा, हे ज्या नागरी संहितेने दिले ती १८६७ साली लिस्बनमध्ये केवळ पुरुषांनी लिहिली होती. २०१२ साली मनोहर पर्रीकरांच्या सरकारने गृह आधार आणि लाडली लक्ष्मी या योजना आणल्या आणि गृह आधारमुळे हजारो गृहिणींच्या स्वतःच्या बँक खात्यात दरमहा पैसे येऊ लागले. महाराष्ट्रात पहिले महिला धोरण १९९४ साली आले तेव्हा मुख्यमंत्री शरद पवार होते. जर पुरुषांच्या सरकारांनी हे केले असेल, तर स्त्री सत्तेवर असणे ही समतेची पूर्वअट कशी म्हणता येईल? माझा स्त्रियांच्या प्रतिनिधित्वाला मुळीच विरोध नाही. तिने निवडून यावे ते नागरिक म्हणून तिचा हक्क आहे म्हणून; निवडून आल्यावर सगळ्या स्त्रियांचा उद्धार करण्याचे ओझे तिच्या एकटीच्या डोक्यावर का ठेवायचे? पुरुष आमदाराला आपण कधी विचारत नाही की तुम्ही पुरुषांसाठी काय केले.


दस्तऐवज (मडगाव) :

वळेसार यांचा शेवटचा मुद्दा न्याय्य आहे. पण नागरी संहितेविषयी त्यांनी जे लिहिले त्याबाबत मला राहवत नाही, कारण मी नोटरीच्या कचेरीत २२ वर्षे दस्त लिहिले आहेत.

संहितेने पत्नीला अर्धा हिस्सा दिला हे खरे. विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर मिळकत दोघांची सामाईक ठरते आणि स्थावर मालमत्ता विकायची तर दोघांची सही लागते. परंतु त्याच संहितेच्या मूळ मजकुरात पुढे असे आहे की सामाईक मिळकतीची मालकी आणि ताबा दोघांचा असला तरी तिचा कारभार पतीकडे राहील. मालकी दोघांची, कारभार त्याचा. सुरंगीताईंच्या पडवीत जे घडले ते याहून वेगळे नव्हते. उमेदवारी तिची, कारभार त्याचा. दीडशे वर्षांपूर्वीचे ते कलम कोणी वाचलेले नसते, पण घराघरांतून ते पाठ आहे.

मी काय पाहिले ते सांगते. हक्क सोडण्याचा दस्त करायला बहिणी येतात. बहुतेक वेळा दोघी-तिघी एकत्र, सोबत भाऊ, नेसूची साडी चांगली, कारण काम झाल्यावर देवळात जायचे असते. मी प्रत्येकीला विचारते, “तुम्हाला माहीत आहे ना, हा वाटा तुमचा आहे?” बहुतेकजणी मान हलवतात. एकदा एक बाई म्हणाली, “माहीत आहे, पण माहेरचे दार मला वाट्याहून मोठे आहे.” कायद्याने दिलेला वाटा ती स्वतःच्या हाताने परत देत होती, आणि त्या क्षणी तिच्यावर कोणी जबरदस्ती केली असेही मला म्हणता येत नव्हते. तिथे कायदा थांबतो. आणि कायदा जिथे थांबतो, तिथे तिच्यासारख्या दुसऱ्या बाईला गावाच्या बैठकीत निर्णय घेताना पाहिलेले असणे उपयोगी पडते, असे मला वाटते. आपला शब्द चालू शकतो, ही कल्पना तिला कुठून तरी यावी लागते.

गोव्यातील अजून दोन जुन्या संस्थांकडे पाहा. कोमुनिदादीत, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या संस्थेत, गावकार (सभासद) होण्याचा आणि जोण (उत्पन्नातील वाटा) घेण्याचा हक्क पुरुषाच्या वंशाने चालत आला. देवस्थानांत महाजनांची, म्हणजे हक्कदार सभासदांची, नोंद परंपरेने पुरुषांची, आणि अनेक ठिकाणी आजही तशीच आहे. जमीन आणि देऊळ, गावातील सत्तेची ही दोन मुळे, आणि दोन्हींत लेकीची नोंद नाही. विधानसभेत आजवर जितक्या स्त्रिया गेल्या त्यांनी हा प्रश्न लावून धरल्याचे माझ्या ऐकिवात नाही, आणि पुरुषांनी तर नाहीच नाही. ३ जणींनी ४० जणांच्या सभागृहात हे बोलायचे तर प्रत्येकीच्या मतदारसंघातील महाजन आणि गावकार तिच्यावर रुसणार. १३-१४ जणी असतील तर कदाचित एखादी बोलेल, कारण मग ती एकटी पडणार नाही.

लाडली लक्ष्मीविषयी एकच वाक्य. मुलीला दिलेले एक लाख रुपये मुळात लग्नाच्या खर्चाशी जोडण्याची कल्पना ज्या बैठकीत मान्य झाली, त्या बैठकीत पुरेशा स्त्रिया असत्या तर ती रक्कम शिक्षणाशी किंवा घराच्या कागदावर मुलीचे नाव चढवण्याशी जोडा, असे कोणीतरी म्हटले असते असा माझा विश्वास आहे.


अबोली (वास्को, सध्या शिक्षणासाठी पुण्यात) :

दस्तऐवजताईंनी ‘पाहिलेले असणे’ याविषयी जे लिहिले त्याला संशोधनाचा आधार आहे, म्हणून लिहिते. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर पंचायतींत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या आणि पश्चिम बंगालमध्ये कोणत्या गावाचे प्रधानपद (सरपंचपद) राखीव होईल हे आळीपाळीने, जवळजवळ चिठ्ठी काढावी तसे ठरत गेले. त्यामुळे राखीव आणि बिनराखीव गावांची तुलना करता आली. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्तेर द्युफ्लो यांनी बंगाल आणि राजस्थानातील पंचायतींचा अभ्यास करून २००४ साली दाखवले की स्त्री प्रधान असलेल्या पंचायतींनी गावातील स्त्रिया ज्या तक्रारी मांडत होत्या त्या कामांवर, विशेषतः पिण्याच्या पाण्यावर, अधिक खर्च केला. यांतील कित्येक स्त्रिया पहिल्यांदाच सार्वजनिक कामात आलेल्या होत्या आणि अनेकींच्या मागे नवरे होते. तरीही फरक पडला.

त्याहून मला महत्त्वाचा वाटतो तो २०१२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास. तो बंगालमधील ४९५ गावांवर आधारलेला आहे. ज्या गावांत दोन निवडणुकांत प्रधानपद स्त्रीसाठी राखीव होते, तिथे मुलांकडून आणि मुलींकडून आईवडिलांनी ठेवलेल्या अपेक्षांतील तफावत २५ टक्क्यांनी कमी झाली, आणि किशोरवयीन मुलामुलींच्या स्वतःच्या अपेक्षांतील तफावत ३२ टक्क्यांनी. मुलींच्या घरकामाचा वेळ कमी झाला आणि शिक्षणातील अंतर मिटले. गावात मुलींसाठी नोकऱ्या वाढल्या नव्हत्या, शाळा नव्या उघडल्या नव्हत्या. पंचायतीच्या खुर्चीवर एक बाई वर्षानुवर्षे दिसत होती, एवढाच बदल होता. एका फेरीत हा परिणाम दिसला नाही, दोन फेऱ्या लागल्या, हेही लक्षात ठेवायला हवे. वळेसार काका, पुरुषांच्या सरकारने चांगला कायदा करता येतो हे मान्य, पण हा परिणाम कायद्याने साधत नाही.

पण गोव्यात हा एक तृतीयांश वाटा तरी सरळ मिळतो का? मार्च २०२१ मध्ये मडगाव, मुरगाव, म्हापसा, केपे आणि सांगे या पाच नगरपालिकांच्या प्रभाग आरक्षणाची अधिसूचना उच्च न्यायालयाने रद्द केली आणि १२ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. स्त्रियांसाठी राखीव प्रभाग एक तृतीयांशाहून कमी ठेवले होते हे त्यातले एक मुख्य कारण. राज्याच्या कायदा सचिवाकडेच राज्य निवडणूक आयुक्तपदाचा कार्यभार दिला होता, त्यावरही सर्वोच्च न्यायालयाने कठोर ताशेरे ओढले. कायद्यात आकडा स्पष्ट लिहिलेला असतानाही नागरिकांना न्यायालयात जाऊन तो मिळवावा लागला. मी तेव्हा बारावीत होते आणि आमच्या वास्कोत निवडणूक पुढे गेली याचा लोकांना नुसता वैताग आला होता. कशासाठी पुढे गेली हे फार थोड्यांना ठाऊक होते, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते. सप्टेंबर २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा राखल्या, त्याही जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यानंतर. गोव्यात त्या १३-१४ होतील. तेवढ्या जागांसाठी उमेदवार कुठून येणार, हा प्रश्न आजच पंचायतींत सुटायला हवा, नाहीतर त्याही जागांवर तीच तीच घराणी आपल्या सुना उभ्या करतील.


आगळ (पेडणे) :

मी पाच वर्षे पंच होते, म्हणून सुरंगीताईंना थोडे व्यवहाराचे सांगते. वाद वाढवण्याचा हेतू नाही.

मलाही असेच उभे केले गेले. पहिल्या मासिक बैठकीला माझे पती सोबत आले, आत बसले आणि कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या बैठकीलाही आले. तिसऱ्या बैठकीआधी मी त्यांना घरीच म्हटले की तुम्ही आलात तर मी येणार नाही. ते चिडले, मग समजले. ते समजूतदार निघाले हे माझे नशीब. माझ्यासोबतच्या दुसऱ्या पंच बाईचे तसे नव्हते. तिच्या फोनवर सचिवाचा फोन आला तरी नवरा उचलायचा.

पुरुषांना पंचायतीत बाईच्या मागे बसण्याची एवढी ओढ का असते, हे बाहेरच्यांना कळत नाही. आमच्या भागात पंचायतीपुढे येणारा सगळ्यांत मोठा विषय बांधकाम परवान्याचा असतो. डोंगराच्या उतारावर बंगल्यांचा प्रकल्प येतो, त्याची फाईल येते, आणि मग सातपैकी चार मते हवी असतात. तुमची सही ही त्या वेळी फार मोलाची वस्तू होते. नळाचे पाणी, अंगणवाडीचे छप्पर, मासळीवाल्या बायकांसाठी बाजारात सावली, या विषयांवर मला कोणी कधी अडवले नाही, उलट “बाईंचा विषय” म्हणून कौतुकाने मंजूर केले. अडवले ते परवान्याच्या दोन फायलींवर मी प्रश्न विचारला तेव्हा. त्यानंतर माझ्याविषयी गावात काय बोलले गेले ते इथे लिहिण्यासारखे नाही. स्त्रियांनी स्त्रियांच्या विषयांवर बोलावे आणि पैशाच्या विषयावर सही करावी, अशी वाटणी ठरलेली होती.

२०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने जळगाव जिल्ह्यातील एका गावच्या महिला सरपंचांना अपात्र ठरवण्याचा आदेश रद्द केला आणि निवडून आलेल्या स्त्रीला इतक्या सहजपणे पदावरून दूर करता येणार नाही, अशा अर्थाचे खडे बोल सुनावले. ती बातमी मी दोनदा वाचली. न्यायाधीशांना जे दिसले ते आपल्या गावातील माणसांना दिसत नसेल असे नाही.

पाच वर्षांत मी काय बदलले? ग्रामसभा रविवारी सकाळी भरायची तेव्हा बायका स्वयंपाकघरात असायच्या. मी सरपंचांशी भांडून ती दुपारी साडेतीनला नेली. आधी आठ-दहा बायका येत, त्या पुढे तीस-पस्तीस येऊ लागल्या. त्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईने उभे राहून, कुळाच्या जमिनीच्या एक-चौदाच्या (हक्कनोंदीच्या) उताऱ्यावर आपले नाव कसे चढवायचे, असे विचारले. हा प्रश्न घरचा आहे म्हणून पुरुष हसले. मी तलाठ्याला पुढच्या सभेत बोलावले. पुढच्या वर्षभरात आमच्या वाड्यावरच्या अकरा बायकांनी अर्ज केले. दस्तऐवजताई ज्या दारापाशी कायदा थांबतो म्हणाल्या, तिथून आम्ही चार पावले पुढे गेलो असे मला वाटते.

आणि मग माझा वॉर्ड खुला झाला. मला पुन्हा उभे राहायचे होते. ज्यांनी मला उभे केले होते तेच येऊन म्हणाले, “आता वॉर्ड खुला झाला, आता कोणीतरी पुरुषमाणूस बघू.” खुल्या जागेचा अर्थ पुरुषांची जागा असा कुठे लिहिला आहे, असे मी त्यांना विचारले. उत्तर मिळाले नाही. मी अपक्षासारखी एकटी उभी राहिले आणि ४१ मतांनी हरले. ग्रामसभा पुन्हा सकाळी भरू लागली.

सुरंगीताई, उभ्या राहणार असाल तर पहिल्या दिवसापासून दुसऱ्या निवडणुकीची तयारी ठेवा, जी आरक्षणाशिवाय लढायची असेल.


सुरंगी (डिचोली) :

सगळ्यांचे मनापासून आभार. आगळताईंचे लिखाण मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवले. उताऱ्यावर नाव चढवणाऱ्या म्हातारीपाशी त्यांनी मला थांबवले आणि तो भाग पुन्हा वाचायला लावला.

वळेसार सर, पुरुष आमदाराला आपण असा प्रश्न विचारत नाही हे तुमचे म्हणणे खरे आहे, आणि यापुढे मी तो वर्गात विचारीन, पुरुष आमदारांविषयी. मांडवीकाठी यांनी सुरक्षितता आणि समता वेगळी मोजायला सांगितली, त्यामुळे ताईंच्या काळाविषयीची माझी कोंडी सुटली. मी त्यांच्याकडून जे मागत होते ते त्यांच्या एकटीच्या हातात नव्हते.

काल संध्याकाळी मी त्या चौघांपैकी वडीलधाऱ्या काकांच्या घरी स्वतः गेले. उभे राहण्याविषयी मी विचार करीन, पण बोलणे यापुढे माझ्याशी करावे लागेल, बैठकीला मी एकटी बसेन, बांधकामाची प्रत्येक फाईल मी वाचल्याशिवाय मत देणार नाही आणि ग्रामसभा दुपारी घ्यावी लागेल, असे त्यांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. काकी आतून चहा घेऊन आल्या होत्या, त्या चहा ठेवून परत गेल्या नाहीत, दारातच उभ्या राहिल्या. काका म्हणाले की बाकीच्या तिघांशी बोलून सांगतो. काकी म्हणाल्या, ग्रामसभा दुपारी झाली तर मी येईन.